भगतजीचं हलकं ताट

सुनीता मेथीच्या वाफ्यात पडली तेव्हा तिला सातवा महिना होता. जुड्या बांधता बांधता ती आडवी झाली. मी धुऱ्यापलीकडून, बांधाच्या माझ्या बाजूने, धावले, तिच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली. आत लाली नावाला नव्हती. आणि भगतजी, म्हणजे तिचा सासरा आणि माझा दीर, कमरेवर हात ठेवून म्हणतो, "कालचा उपास मानवला नाई वाटते."

"कालचाच कायले?" मी म्हटलं. "तुमच्या घरी रोजच उपास असते, भाऊजी."

भगतजी हे गावाने ठेवलेलं नाव. शेलूबाजारच्या अलीकडे आमच्या भाजीच्या वाड्या लागून आहेत. बायको गेल्यावर त्याने माळ घातली आणि घरातलं मटण, अंडी बंद केली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः जन्मात अंडं फोडलं नाही. सत्तरी उलटली तरी निंदणाला बसले तर तरण्या बाया मागे पडतात. पण ताटातून एक वस्तू काढली तर त्या जागी दुसरी ठेवावी लागते. भगतजीने काढली आणि जागा रिकामी ठेवली. त्यालाच तो सात्त्विक म्हणायचा.

"हलकं खाल्लं का मन हलकं राह्यते, वयनी," हे त्याचं नेहमीचं. वरण एवढं हलकं की वाटीचा तळ दिसावा. हरभरा वातूळ, तीळ उष्ण, उडीद जड, असं करत करत घरात पोळी, बटाटा आणि चहा उरला. भाजी पिकवणाऱ्याच्या घरात भाजी नाही. कोवळं सगळं बाजारात, पिवळी पानं घरात. ही खोड आमच्याकडच्या पुष्कळ भाजीवाल्यांना आहे, पण भगतजीने तिचा धर्म केला.

त्याची जीवदयाही तसलीच. कोबीवर औषध मारायचा नाही. अळ्या हाताने वेचायचा, डब्यात भरायचा आणि धुरा ओलांडून माझ्या कोबीत सोडायचा. एकदा मी पकडला.

"जीव हाये वयनी, मारू कसा?"

"मंग तुमच्याच कोबीत जगू द्या ना!"

त्यावर लहान पोरासारखा हसला. खोटं बोलणं त्याला जमत नसे, एवढं त्याच्या बाजूने लिहिते.

गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईने सुनीताला रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यात हाडाची भुकटी असते असं याने कुठंतरी ऐकलं आणि गोळ्या काढून घेतल्या. सुनीताने त्या देऊन टाकल्या. तिचा नवरा जीप चालवतो. रस्त्यावर दिवसभर हॉर्न वाजवतो, बापापुढे कधी वाजला नाही.

त्याच जीपमधून तिला वाशीमला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "रक्त फार कमी आहे. आजच चढवावं लागेल, नाहीतर दोघांचंही सांगता येत नाही. सही करा." पोराने पेन घेतला आणि बापाकडे पाहिलं. बाप नर्सला विचारतो, "रक्त देनारा माळकरी हाये काय? मटन खानाऱ्याचं असन त?"

"बाबा, पिशवीवर गट लिवेल असते. तो काय जेवला ते नाई," नर्स म्हणाली.

"मंग माह्यं घ्या," म्हणून त्याने बाही वर केली. हे मात्र मनापासून. नर्सने बोट टोचलं, तपासून आली आणि म्हणाली, "तुमचं कसं घेऊ? तुमालेच चढवा लागन."

हसायची जागा नव्हती, तरी मी हसले. तो बाकावर बसला. मी म्हटलं, "भाऊजी, तिच्या अंगात रक्त नाई, तुमचा हट्ट हाये. पोराले सही करू द्या."

त्याने वर केलेली बाही खाली ओढली. मग म्हणाला, "कर बापा. कोनाचंही असो."

बाळंत होईपर्यंत सुनीता माझ्या चुलीवर जेवली. पालक घातलेलं घट्ट वरण, ज्वारीची भाकरी, मोडाचे मूग, जवसाची चटणी, वरून लिंबू. डॉक्टरीणबाईच्या गोळ्या माझ्यासमोर गिळायची. अंडं एकही नाही. भगतजी धुऱ्यावर उभा राहून पाहायचा. एक दिवस वालाच्या शेंगांची टोपली माझ्या दारात ठेवली, सगळ्या कोवळ्या. "बाजाराची नाई, तिची हाये," म्हणाला.

"बसा, तुमीही जेवा."

"मले हलकंच पचते, वयनी."

बसला नाही. सुनेपुरतं शिकला, स्वतःपुरतं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याला ताप आला. तापाशी भांडायला अंगात काही नव्हतं. चार दिवसांत गेला. लोक म्हणाले, पुण्यवान होता, हलका गेला. मी म्हटलं, मूर्ख होता. माझ्या दारात बसून दोन महिने जेवला असता तर आणखी दहा वर्षं मी त्याच्याशी भांडले असते.

वाफ्यात पडलेली सुनीता आणि तिच्या पोटातली पोरगी, दोघी वाचल्या.