बावखलाची म्हातारी

लग्न असो, बारसं असो, माईक दिसला की मी सुटतो. माझे सगळे किस्से भुईगावाला पाठ आहेत. हा एक सोडून. हा माझ्या बायकोलाही ठाऊक नाही.

आमच्या आळीचं सामाईक बावखल होतं — वाडवडिलांनी खणलेलं तळं. त्याच्या जोरावर विहिरी गोड राहायच्या. ते बुजवून इमारत बांधायचं निघालं, तेव्हा इनास त्याविरुद्ध मोबाइलवर व्हिडिओ टाकू लागला. माझा शाळेपासूनचा मित्र. त्याची केळीची वाडी बावखलाला लागूनच. कॅमेऱ्यासमोर अडखळायचा बिचारा, तरी लोक ऐकू लागले! जिथे तिथे इनास, इनास. आणि मी? माझ्याकडे कोण बघणार?

हो, कारण इतकंच. बिल्डरने मला साधा चहाही पाजला नव्हता.

मी म्हातारीचा आवाज झकास काढतो. थेट इनासच्या समाजातली आजीबाई — खोकल्यासकट! एका दुपारी फोनमध्ये बोललो, "अरे पोरांनो, त्या पान्यापायी माझा नातू तापाने फणफणलाय. मच्छर पोसता काय रे? बुजवा ते!" आणि जुन्या सिमवरून एका ग्रुपवर दिलं सोडून.

संध्याकाळपर्यंत तीच क्लिप मला चहूकडून परत आली. आपलीच म्हातारी रडतेय म्हटल्यावर इनासचं कोण ऐकतो? मी खूश होतो — खोटं कशाला सांगू?

थांबा. खरा गुन्हा अजून पुढेच आहे.

बावखलाचा फैसला आळीच्या सभेत व्हायचा होता. आदल्या दिवशी इनास माझ्याकडे आला. "त्या बायला शोधतो. तिच्या नातवाला दवाखान्यात नेतो, मग समजावतो. तू आवाजातला माणूस — सांग ना रे, कुठली असेल?"

त्याने फोन माझ्या कानाला लावला. माझाच खोकला. एक शब्द पुरे होता, नाही का? मी डोळे मिटले, मान तिरकी केली — काय तो अभिनय! — आणि म्हणालो, "होळी गावाकडची वाटते."

सभेत हात वर झाले तेव्हा इनास तिथे नव्हता. तो होळी गावात दारोदार फिरत होता.

बावखल गेलं. इनासच्या विहिरीचं पाणी आता खारट लागतं. केळी गेली.

अजूनही बाजारात एखादी म्हातारी भाव सांगू लागली की इनास थबकतो. मान तिरकी करून ऐकतो. "ही नाय," म्हणतो आणि पुढे चालू लागतो.

मी शेजारीच असतो. पिशवी धरून.