मीटरवरचे दहा पॉइंट सहा

चौथ्यांदा त्या लॅबची पायरी चढले तेव्हा दारातच लॅबचे मामा म्हणाले, "आली का वं पोरी पुन्हा?" मामांचा स्वभाव वाईट नाही, पण त्या दिवशी मला ते वाक्य कानशिलात बसल्यासारखं लागलं. मी म्हटलं, "हाव मामा, हौस आहे मले."

हौस कसली, कपाळ माझं. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याचे सगळे विषय निघाले होते, एवढं एक प्रॅक्टिकल अडकलं होतं, आणि ही शेवटची संधी होती. यानंतर माझी नोंदणीच रद्द होणार होती, म्हणजे सगळी वर्षं पाण्यात. वर्ध्याच्या एका दवाखान्यात मशिनी दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली मी काम करत होते. कामात मी त्यांच्या दोन पावलं पुढे होते, हे तेही कबूल करत. पण दवाखान्याच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, या महिन्यात सर्टिफिकेट आलं तर जागा तुझी, नाही तर दुसरा माणूस बघितलेला आहे. रोहण्याला माय गावभर सांगून बसली होती, माझी पोरगी मशिनीची डॉक्टर होऊन राह्यली म्हणून. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मी एका एवढ्याशा काळ्या चिपेसमोर हात जोडून उभी होते.

प्रयोग साधा होता, अगदी पोरखेळ. ऑपअँप म्हणजे आठ पायांची चिप. तिला वरून बारा आणि खालून उणे बारा व्होल्टचा सप्लाय द्यायचा, दोन रेझिस्टर लावायचे, एक हजार ओहमचा आणि दहा हजारचा, आणि एका टोकाला थोडं डीसी व्होल्टेज द्यायचं. दुसऱ्या टोकाला ते दहापट होऊन येतं. उणे चिन्ह लागून येतं, पण ते सोडा. अर्धा दिला की पाच, एक दिला की दहा, दीड दिला की पंधरा. फाईलमध्ये असंच लिहिलेलं होतं. ती फाईल कोणत्या जमान्यातली होती देव जाणे, सीनियरकडून ज्युनियरकडे झेरॉक्स होत होत अक्षरं पांढरी पडली होती. पण पंधरा स्पष्ट दिसत होता.

माझं दहापर्यंत झकास यायचं. दीड व्होल्ट दिले की मात्र आकडा कुठं तरी अडायचा. दहा पॉइंट सहा, बस. दोन दिले तरी दहा पॉइंट सहाच.

पहिल्या वेळी मला वाटलं रेझिस्टर चुकला. बदलला. मग वायर बदलल्या, मग ब्रेडबोर्डच्या पट्टीवरची भोकं, मग चिप. घाईघाईत नव्या चिपेचे चौथा आणि सातवा हे सप्लायचे पाय उलटे जोडले, बोट भाजलं आणि चिप गेली. परीक्षक आले तेव्हा आउटपुट शून्य. "आत्ता होतं सर," असं मी म्हणाले. त्यांनी असं पाहिलं की जणू रोजच ऐकतात ते. दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी, थोड्याफार फरकानं हेच. तिसऱ्या वेळी तर मी तीन चिपा जाळल्या आणि मामा म्हणाले, "अवं बाप्पा, शेवया तळून राह्यली का तू?" पोरी हसल्या. मीही हसले आणि संडासात जाऊन रडले.

असं समजू नका की मी हातावर हात ठेवून बसले होते. नालवाडीच्या भाड्याच्या खोलीवर मी सगळं सामान आणून ठेवलं होतं. सप्लायऐवजी नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. तिथं तर एक व्होल्ट दिला तरी दहा येईना, आठच्या आसपास घुटमळायचं. बॅटऱ्या उतरल्या असतील म्हणून नव्या आणल्या, तरी तेच. यूट्यूबवर पाहिलं, तिथले सगळे एक व्होल्टपाशी थांबून "देखो दोस्तों" करायचे. कॉलेजातल्या एका सरांना विचारायला गेले तर म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी आहे बाई, प्रॅक्टिस करा. मी प्रॅक्टिस केली. भात करपेपर्यंत केली. शेवटी मनात एकच गोष्ट बसली की मी मठ्ठ आहे, माझ्या हातातच दोष आहे. दवाखान्यात बंद पडलेला ईसीजी मी चालू करायचे आणि घरी येऊन रडायचे, कारण दोन रेझिस्टरचं एक पिटुकलं सर्किट माझ्याकडून होत नव्हतं.

तर चौथी वेळ. मामांनी हातावर एकच चिप ठेवली. "स्टॉक खतम हाय. एकीले एक. जाळली तर घरी जाजो."

जोडलं. दहा वेळा पाय मोजले. अर्ध्याला पाच. एकाला दहा. दीडला दहा पॉइंट सहा.

बाहेर ऊन असं होतं की खिडकीच्या गजांना हात लावता येत नव्हता, आणि माझे हात बर्फ झाले होते. शेजारच्या पोरीनं सप्लायचं बटणसुद्धा दाबलं नव्हतं. फाईलमधून पाच, दहा, पंधरा उतरवलं आणि ती पंख्याखाली ओढणीनं वारा घेत बसली. "लिहून टाका ना ताई," ती कुजबुजली, "काऊन जीव देऊन राह्यल्या?" मी पेन उचललं आणि ठेवलं. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता हो, भीती होती. पंधरा लिहिले आणि परीक्षकानं मीटर लावून पाहिलं तर? रेझिस्टर उपटायला हात सळसळत होते. पण चिप एकच. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि तशीच बसून राहिले. दीड तास. आयुष्यात इतका लांब दीड तास मी पाहिला नाही.

परीक्षक बाहेरच्या कॉलेजचे होते, वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी मीटर पाहिला, माझा कागद पाहिला. तिसरी ओळ कोरी.

"लिहिलं का नाही?"

आणि माझा बांध फुटला. "काय लिहू सर? पंधरा यायले पाहिजे अन् येऊन नाई राह्यले! चार वेळा झालं. चिपा बदलल्या, वायरी बदलल्या, मले जमतच नाई. नापास करायचं असन तर करून टाका एकदाचं, पण सांगा तरी माझं चुकून काय राह्यलं!"

मामा कपाट उघडं टाकून बघत राहिले.

ते शांतपणे म्हणाले, "सप्लाय किती दिलाय?"

"बारा."

"किती?"

"बारा, सर. बारा..."

तिसऱ्यांदा म्हणताना माझी नजर मीटरवरच्या दहा पॉइंट सहावर गेली. बारा पोळ्यांची कणीक असली तर पंधरा पोळ्या होत नाहीत. माझ्या मायला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं. चिप आपल्या खिशातलंच देणार ना? थोडं स्वतःजवळ ठेवून दहा पॉइंट सहा देत होती बिचारी.

"याला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"सॅच्युरेशन," मी म्हटलं. व्याख्या तोंडपाठ होती मला, इंग्रजीतून. ती मीटरवर दिसते, हे तेवढं ठाऊक नव्हतं.

"तुमचं काहीच चुकलेलं नाही," ते म्हणाले. "दहा पॉइंट सहा लिहा." मी लिहिलं. त्यांनी सही केली, मार्क मांडले आणि पुढच्या टेबलावरचे पंधरा बघायला गेले.

मी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले आणि मायला फोन लावला. तिनं हॅलोही म्हटलं नाही. "निघालं का वं?"

"निघालं माय. पास झाली मी."

"मंग रडून काऊन राह्यली?"

"माय, त्या तिन्ही वेळाही बरोबरच होतं वं. मीच मोडलं."