नाव तेवढं घेऊ नका

हिंगोलीच्या बाल न्याय मंडळात मी पोरांची वकील म्हणून उभी राहते. अठराच्या आतल्या पोरानं गुन्हा केला, की केस इथं येते. किस्से ढिगानं साचतात, पण पोराचं नाव सांगायची कायद्यानं बंदी. त्यामुळे मैत्रिणींना वाटतं, मी सगळं मनानंच रचते. रचायची गरजच पडत नाही. पोरांसोबत येणारी मोठी माणसं पुरेशी असतात.

शिरड शहापूरकडचं एक पोरगं होतं, सतरा वर्षांचं. जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून त्यानं कुणाची तरी मोटारसायकल काढली आणि एकोणीस वर्षांच्या चुलतभावाला मागं बसवलं. औंढ्याच्या अलीकडं पेट्रोल संपलं. दोघं गाडी ढकलत असताना एक जीप थांबली. "काय झालं रे?" असं प्रेमानं विचारणारे पोलीस होते.

* * *

पोरासोबत येणाऱ्या पोलिसानं वर्दी घालायची नसते, लेकरू घाबरू नये म्हणून. आमचे हवालदार आले ते वर फुलाफुलांचा शर्ट आणि खाली खाकी पँट, लाल बूट.

मी म्हटलं, "काका, साधे कपडे सांगितले होते ना?"

"कमरेपर्यंत साधाच हाय की, मॅडम!"

* * *

पोराचे आजोबा, आबा, गावचे माजी सरपंच. मंडळात ना उंच खुर्ची, ना पिंजरा. साध्या टेबलामागं मॅजिस्ट्रेट मॅडम बसल्या होत्या. आबा त्यांच्याजवळ गेले. "बाई, जजसाहेब आले की आवाज द्या. आमी चहा पिऊन येतो."

मॅडम म्हणाल्या, "देते."

दिला!

* * *

पोरगं जामिनावर लगेच घरी आलं. चुलतभाऊ मोठ्यांच्या कोर्टात गेला आणि तिथून जेलमध्ये. आबांना हे पटेना.

"दोघं एका गाडीवर होते, मग कोर्ट दोन काहून?"

"आबा, लहान सुधारतो असं कायदा धरून चालतो."

"पण गाडी लहाना चालवून राहिला होता! मोठा नुसता मागं बसला होता."

"मोठ्याला कळायला पाहिजे होतं."

आबा म्हणाले, "म्हंजे अक्कल आल्यावर जेल."

मी वकिलीची पदवी घेतली आहे. तरी मी घाईनं फाइलमध्ये पुढची तारीख शोधू लागले.

* * *

पोराला पोलीस भरतीत उतरायचं होतं. रोज पहाटे रस्त्यावर पळायचं. मंडळात मान खाली घालून एवढंच विचारायचं, "मॅडम, गावात कळंल का?" तारखेला दांडी पडली की कॉलेजात तो सांगायचा, आखाडा बाळापूरला मामाकडं होतो.

मी म्हटलं, "कळणार नाही. ही केस तुझ्या भरतीच्या आड येत नाही. तुझं नाव कुणी छापूसुद्धा शकत नाही."

बाहेर आले तर चहाच्या टपरीवर आबा अख्ख्या बाकाला सांगत होते, "आमच्या पोरानं गाडी काढली, पण आवाज बी न्हाई झाला!"

मी तिथंच त्यांना झापलं. "आबा, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. त्याचं नाव कुठंही घ्यायचं नाही. कुठंही!"

"न्हाई घेत, बाई. शब्द दिला."

* * *

शेवटी मंडळानं समज देऊन पोराला सोडलं. पोरगं पहिल्यांदा हसलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याचा फोन आला. "मॅडम, जवळा बाजारच्या चौकात या."

गेले. चौकात दुमजली फ्लेक्स. 'बाल न्याय मंडळातून सुखरूप सुटल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून सगळं भावकीमंडळ हात जोडून. कोपऱ्यात 'विशेष आभार' म्हणून मी. मधोमध गॉगल लावलेलं पोरगं, माणसाच्या उंचीएवढं. फ्लेक्सखाली त्याचे कॉलेजातले मित्र मोबाइल काढून उभे.

आबा हार घेऊन पुढं आले. माझा चेहरा बघून त्यांनीच मला धीर दिला.

"घाबरू नका, मॅडम. शब्द पाळलाय. नाव कुठंच न्हाई टाकलं. नुसता फोटो हाय."