वाऱ्याचा काटा

मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा मागवून विषय बदलायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. वरंधच्या वर, घाटातल्या एका टेपाडावर आम्ही हेलिकॉप्टरसाठी वारा मोजणारं ऑटोमॅटिक यंत्र बसवलं होतं. उंच खांब, टोकाला वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या. तिथून केबल खाली गावातल्या आमच्या खोलीत यायची. वाट्या फिरल्या की वीज तयार व्हायची आणि डायलचा काटा हलायचा. केबल तुटली की काटा शून्यावर — इतकं साधं.

तांब्याची तार चोरीला जायची, म्हणून वर राखणीला धर्मा असायचा. तिथे फोन कुठला! मग पठ्ठ्याने स्वतःच खूण ठरवली. सकाळी शिडीवर चढून वाट्या तीनदा हाताने धरायच्या, म्हणजे खाली काटा तीनदा पडतो — धर्मा बरा आहे. ऑफिसला कळतं तर दोघांचीही खरडपट्टी निघाली असती.

त्या जुलैत रात्री वादळ झालं, घाटात दरडी कोसळल्या. सकाळी धर्माची बायको, सुमनवहिनी, येऊन डायलसमोर बसल्या. काटा हलत होता. मग पडला... उठला... पुन्हा पडला. तीनदा.

"बघा वहिनी, धर्मा बरा आहे," मी म्हणालो. त्या रडल्या, मग हसल्या आणि त्याच्यासाठी भाकऱ्या करायला घरी गेल्या.

दुपारी मदतीचं हेलिकॉप्टर आलं. मी डायल बघून वायरलेसवर वारा सांगितला, ते नीट उतरलं. टेपाडावर कोणी अडकलंय का, असं पायलटने विचारलं. मी म्हणालो, आमचा माणूस सुखरूप आहे, आधी पलीकडच्या वाडीतली माणसं काढा. ती सगळी वाचली.

वाट मोकळी झाल्यावर आम्ही वर गेलो. खांब दरडीबरोबर गेलेला, केबलचे तुकडे झालेले. मातीखाली धर्मा होता. डॉक्टर म्हणाले, वादळाच्या रात्रीच गेला, जागच्या जागी. खाली येऊन पाहिलं तर काटा शून्यावर होता. डायल उघडून किती वेळा तपासला — काही दोष नाही.

सुमनवहिनींना डॉक्टरांचं म्हणणं कधीच पटलं नाही. काटा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पुढे महाडच्या एसटी स्टँडवर भेटल्या की आवाज न चढवता एकच विचारायच्या —

"भाऊ, तवा तो जिता होता. मग आणायला का नाय गेलात?"

डॉक्टर खरे, तर वाट्या कोणी धरल्या? आणि काटा खरा असेल तर... नको. मला आजही माहीत नाही.