एक जुलैची माणसं

अमेरिकेत ट्रॉयमधल्या आमच्या ऑफिसात वाढदिवसाचे केक आणायचं खातं माझ्याकडे होतं. कोणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. मला तारखा विसरणारी माणसं सहन होत नाहीत. नवीन यादी आली तेव्हा मी पहिल्याच नजरेत चूक पकडली. आमच्या लॅबमध्ये गाड्यांचं वायरिंग तपासणारे तीन कुर्द सहकारी होते आणि तिघांचाही जन्म एक जुलैचा. सॉफ्टवेअरवाल्या बाईला असं काही दिसलं की ती विचार करत बसत नाही, बग नोंदवते. मी एचआरला ईमेल टाकली, वर तिघांनाही कॉपीत ठेवलं.

चहाच्या वेळी त्यांच्यातला धाकटा माझ्या टेबलाशी आला.

"बग नाही. आम्हीच तसे आहोत," तो म्हणाला.

त्यांच्याकडे इराकमध्ये ज्याची जन्मतारीख ठाऊक नसे, त्याला कारकून सरसकट एक जुलै देऊन टाकत. याचा जन्म तर वाटेतच झालेला. आखाती युद्धानंतर सरकारी फौजा चालून आल्या आणि किर्कुकचे कुर्द घरदार सोडून डोंगरांकडे निघाले. त्याच्या आईचे तेव्हा दिवस भरत आले होते.

मी ओशाळले. ओशाळायला आणखी एक कारण होतं, तेही सांगून टाकलं. माझ्या बाबांचा वाढदिवस एक जून. त्यांच्या निम्म्या वर्गाचा एक जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची. हे मला लहानपणापासून माहीत आणि तरी ती ईमेल मीच टाकली! तो इतका हसला की ग्लासातला चहा सांडला. तुमच्याकडची माणसं आमच्यापेक्षा महिनाभर आधी तयार होतात, म्हणाला.

हसून झाल्यावर त्याने टेबल पुसलं आणि मग घरचं सांगितलं. त्याची सात वर्षांची मुलगी हल्ली खरा बर्थडे कुठला म्हणून त्याच्या मागे लागली होती. ते सांगू शकणारी एकच व्यक्ती, त्याची आई, आणि ती आता गोष्टी विसरायला लागली होती. पण डोंगरांकडच्या त्या वाटेवरच तिची मोठी मुलगी दगावली होती, त्यामुळे त्या दिवसांबद्दल विचारायचा त्याला कधी धीर झाला नव्हता.

दुसऱ्याच्या घरात लक्ष घालायला मला एवढं निमित्त पुरतं. आठवडाभर मी कुर्दांचा इतिहास वाचून काढला आणि शनिवारी डब्यात बेसनाचे लाडू, फोनवर पंचांग घेऊन त्यांच्याकडे जेवायला गेले. त्याच्या आईला, म्हणजे मावशींना, मी त्यांचीच माणसं कुठल्या चार देशांत विभागली गेली ते समजावून सांगितलं. त्यांचा मुलगा भाषांतर करत होता. मावशी सगळं ऐकत राहिल्या आणि माझ्या ताटात भात वाढत राहिल्या.

शेवटी त्याने विचारलं.

मावशी थांबल्या नाहीत, की त्यांना आठवावं लागलं नाही. त्यांचा मार्चमधला नववर्षाचा सण, नवरोज, होऊन गेला होता, त्यानंतरची पौर्णिमा. चंद्र एवढा मोठा उगवला, की त्या उजेडात सैनिक आपल्याला बघतील अशी त्यांना भीती वाटली होती. मी लगबगीनं त्या वर्षीचं पंचांग काढलं. चैत्री पौर्णिमा! तू हनुमान जयंतीला जन्मलास आणि जन्मताच डोंगर ओलांडलास, असं मी त्याला मोठ्या थाटात जाहीर केलं. त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, असं तो आईला विचारत होता.

"तू विचारलं नाहीस," मावशी म्हणाल्या. "आणि दरवर्षी त्या पौर्णिमेला मी डोलमा करते की."

द्राक्षाच्या पानांत भात भरलेला तो डोलमा त्याने आजवर दरवर्षी मागून मागून खाल्ला होता. त्याने चमचा खाली ठेवला. मी पंचांग बंद केलं. मला रडू येत होतं.

घरी पोचल्यावर बाबांना फोन लावला. पुण्यात सकाळ होती. आजी वर्षातून एखाद्या दिवशी उगाचच काही गोड करायची का, म्हणून विचारलं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेवयांची खीर करायची," ते म्हणाले. "सण तर काल झाला, आज परत खीर कशाला, म्हणून आम्ही तिला हसायचो."