तक्रार नाही

लिहिण्याचा अधिकार ज्यांनी कष्टाने मिळवला आहे, त्यांच्या पंगतीत न विचारता पाट मांडून बसल्याबद्दल मी प्रथम क्षमा मागते. माझे वय आता पासष्टीच्या पुढे आहे. इंग्रजी आणि संस्कृत घेऊन मी पदवीधर झाले, पण त्या शिक्षणाचा उपयोग मुलांचे निबंध तपासणे आणि नात्यागोत्यातल्यांचे अर्ज लिहून देणे, यापलीकडे मी कधी केला नाही. स्वतःविषयी तर एक ओळही लिहिली नाही. आयुष्यात एकदाच तशी वेळ आली होती, आणि ती मी ज्या रीतीने निभावली तिचाच हा वृत्तान्त आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली होती. आम्ही मुलुंडला राहत होतो. बैठे कौलारू घर, पुढे मालकांच्या खोल्या आणि ओटा, मागे भाडेकरूंची तीन बिऱ्हाडे. अंगणात एक नळ आणि एक शेवगा. दुपारी बारा वाजता डोंगराकडच्या खाणीत सुरुंग उडाला की आमच्या फळीवरची भांडी किणकिणत, आणि त्या आवाजावर कित्येक घरांत भाताचे आधण चढे. घरमालक मूळचे कोकणातले. परळच्या एका गिरणीत त्यांनी मुकादम म्हणून उमर काढली होती, आणि निवृत्तीनंतरही सारा मोहल्ला त्यांना मुकादमच म्हणे. दिवसभर ते ओट्यावर अडकित्ता घेऊन बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काही ना काही विचारत.

त्या विचारण्याची मला धास्ती होती. ते मला कधी वावगा शब्द बोलले नव्हते, पण कोणी मोठ्याने हाक मारून खुशाली विचारली की माझी जीभ टाळूला चिकटत असे. बाहेर जाण्याची वाट ओट्यावरूनच होती, म्हणून मी मागच्या कुंपणाच्या फटीतून निघून, गल्लीला वळसा घालून बाजाराला जाई. सहा वर्षे मी हा वळसा घातला. लोक मला शिष्ट समजत असावेत.

यजमान कारखान्यात यंत्रांच्या खात्यात होते. कंपनीने त्यांना तीन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवले, आणि ते गेले त्याला चौदा महिने लोटले होते. आमची आगबोटीची तिकिटे कंपनी देणार होती, मात्र तिकडे राहण्याचा पत्ता लिहून दिल्यावाचून नाही. हे एकट्या पुरुषांच्या वसतिगृहात राहून दर रविवारी घर शोधत. काही दारे चेहरा पाहूनच मिटत, आणि जिथे चेहरा चालत असे तिथे लहान मूल चालत नसे. माझी मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. निळे हवाईपत्र आले की ती ते हातात घेई आणि शेजारी दाखवत फिरे, “बाबा आले.” पहिल्यांदा आम्ही हसलो. पुढे माझ्या ध्यानात आले की ती चेष्टा करत नाही. बाबा म्हणजे तो निळा कागद, असेच तिच्या मनाने घेतले होते.

अशा वेळी एक पत्र आले. एका विधवा बाईंच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या मिळण्याजोग्या होत्या आणि मुलाला त्यांची ना नव्हती. अट एकच होती. आम्ही कसे भाडेकरू आहोत, हे आमच्या आताच्या घरमालकांनी लिहून पाठवावे. ‘इकडे तशी रीतच आहे,’ असे ह्यांनी लिहिले होते.

मी ते पत्र शेजारणीला वाचून दाखवले. ती मॅट्रिक झालेली, धीट आणि मनाने मोकळी होती.

“अगं, मग त्यात काय एवढं? तू बी.ए. ना? तूच लिही आणि मुकादमांची सही घे. त्यांना कुठे इंग्रजी कळतंय!”

“ते खोटं होईल.”

“खोटं कसलं? तू काय स्वतःला झाशीची राणी लिहिणार आहेस?” मग ती हसत म्हणाली, “आणि एक सांगून ठेवते. मुंबईतला मालक भाडेकरूबद्दल चांगलं बोलायला लागला ना, की समजावं, त्याला खोली रिकामी हवीय.”

मी मात्र खोटे लिहिणार नव्हते. तीन दिवस धीर गोळा करून, पदर आवळून, मी ओट्याच्या पायरीशी जाऊन उभी राहिले आणि पाठ केलेली चार वाक्ये एका दमात म्हणून टाकली.

मुकादमांनी अडकित्ता खाली ठेवला. “तुमच्या त्या मडमेक मुलुंडातल्या म्हाताऱ्याचा पत्र कित्याक होया?”

“तशी तिकडची रीत आहे, काका.”

“आदी तिका बसाक तरी सांगा,” आतून त्यांच्या पत्नी, काकी, म्हणाल्या. मी बसले नाही.

“भाडेकरू आपणहून जातंय म्हणता आणि मालक नाय म्हणतलो? असो मालक मुंबयत गावाचो नाय.” ते स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसले. मग गंभीर झाले. “पण मी सांगान तसा लिव. माका लिवाक येणा नाय, बोलाक येता.”

मी खांबाला टेकून, वहीवर कागद धरून लिहू लागले. मला वाटले होते, दोन वाक्ये होतील. त्यांनी आढ्याकडे पाहिले आणि सांगायला सुरुवात केली.

“लिव. माझी घरवाली तापान पडली, तेवा ही बाय अठरा दिस दारात पेजेचा भांडा ठेवन जाय. कडी वाजवी आणि पळान जाय. भांडा कोणाचा ता आमी वळाखला, पण हिका बोलाक गावला नाय.”

माझे कान तापले. काकींच्या टायफॉइडची ती गोष्ट तीन वर्षांपूर्वीची होती, आणि ते पातेले माझे आहे हे कोणालाच कळले नाही, अशी माझी समजूत होती. मुकादम सांगतच राहिले. नळाखालची मोरी तुंबली तेव्हा सारी बिऱ्हाडे पाळी कोणाची यावर वाद घालत होती आणि पहाटे ती कोणी साफ केली. शेवग्याला पाणी कोण घालते. माझ्या मुलीला मी कधी मारलेले त्यांनी ऐकले नाही. यजमान गेल्यापासून माझ्या खोलीतला दिवा रात्री किती उशिरा मालवतो, हेदेखील त्यांना ठाऊक होते. त्यांच्या नजरेतून निसटण्यासाठी मी सहा वर्षे वळसा घातला, आणि इतक्या वर्षांत माझे काहीही त्यांच्या नजरेतून निसटले नव्हते. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

दुपारी मुलगी झोपल्यावर मी भाषांतराला बसले. पहिले वाक्य पेजेचे होते. ते इंग्रजीत उतरवले आणि वाचून पाहिले, तर माझ्याच अक्षरात माझीच थोरवी. परक्या बाईसमोर स्वतःची आरती ओवाळून घ्यायची! मी ते वाक्य खोडले. मोरीचे तर लिहिणेच अशोभनीय वाटले. दिव्याचे वाक्य मी मनातल्या मनातही दुसऱ्यांदा वाचू शकले नाही. शेवटी चार ओळी उरल्या. ही मंडळी सहा वर्षे माझ्या घरात राहत आहेत. भाडे वेळेवर देतात. मूल निरोगी आहे. त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

त्या शेवटच्या ओळीवर मी समाधानी होते. मुलगी सासरी गेल्यावर विहीणबाई ‘तक्रार नाही’ म्हणाल्या, तर आमच्याकडे आईच्या डोळ्यांत पाणी येते. याहून मोठे प्रशस्तिपत्र असते, हे मला माहीतच नव्हते.

संध्याकाळी मी कागद सहीला नेला. मुकादमांनी तो उलटसुलट केला.

“एवढोच? सगळा लिवलस मां?”

मी मान डोलावली. त्यांनी पुढे काही न विचारता, चष्मा पुसून, सावकाश, त्यांना जमणारी तेवढी मोडीतली सही केली.

पाचव्या आठवड्यात उत्तर आले. त्या बाईंनी पत्र तीनदा वाचले आणि ह्यांना परत दिले होते. त्या म्हणाल्या होत्या, “सहा वर्षांचा सहवास आणि चार ओळी? तुमच्या मालकांना एक तर काही सांगायचे नाही, किंवा जे आहे ते सांगायचे नाही. आमच्याकडे असे पत्र आले की आम्ही न लिहिलेले वाचतो.” महिनाअखेरपर्यंत थांबण्यास त्या तयार होत्या, त्यानंतर खोल्या दुसऱ्यांना देणार होत्या. खाली ह्यांनी लिहिले होते, ‘मुकादम इतके कोरडे कसे? त्यांच्याशी तुझे काही बिनसले आहे का?’

मुलगी माझ्या हातातला कागद ओढत होती. “बाबा काय म्हणाले?”

ह्यांच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते: मी. घर हातचे जाते आहे, याहून मला दुसरी गोष्ट अधिक लागली. ज्या माणसाने दोन पाने भरभरून सांगितली होती, तो माझ्यामुळे कृपण ठरला होता. भर घालून खोटे लिहायचे नाही, एवढेच मी जपले होते. गाळूनही खोटे लिहिता येते, हे बी.ए.च्या पुस्तकांत कुठे नव्हते.

मी ओट्याशी गेले आणि सारे सांगितले. मुकादमांनी हातातली सुपारी न कातरताच खाली ठेवली.

“म्हणजे सही माझी आणि बोलणा तुझा,” ते म्हणाले. “मी काय मुको आसय?”

“चुकलं, काका.”

“चुकला ता चुकला. आता हय बस. माझ्यासमोर लिव.” आणि त्यांनी मोठ्याने शेजारणीला हाक मारली. “हिच्यावर माझो इश्वास नाय. तू वाच आणि माका मराठीत सांग, हिना काय खाल्ला ता.”

अशा रीतीने, सहा वर्षांत प्रथमच, मी त्या ओट्यावर बसले. मी एकेक वाक्य इंग्रजीत करी, शेजारीण ते मराठीत उलटून सांगे आणि मुकादम मान हलवत. ‘पेज’पाशी अडले. मी ‘अन्न’ असा शब्द घातला होता.

“अन्न काय? पेज होती ना?” शेजारीण म्हणाली. “काका, ही अजून चोरतेय हं.”

“पेज लिव. मडमेक कळाचा नाय तर इचारीत.”

मी तांदूळ, पाणी, मीठ असे सविस्तर लिहिले. दिव्याचे वाक्य आले तेव्हा दोघांनीही माझ्याकडे पाहिले नाही. शेजारीण ते अगदी हळू वाचून पुढे गेली, त्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे. शेवटी ‘काहीही तक्रार नाही’ ही ओळ आली. तेवढी तरी राहील, असे मला वाटले.

“ता काढ,” मुकादम म्हणाले. “माझी एक तकरार आसा.”

माझी लेखणी थांबली.

“सा वर्सात ही बाय माझ्या ओट्यार एकदाय बसाक नाय. कुंपणातसून जाता. माका वाटता, माझा काय चुकला?”

काकी दाराशी येऊन उभ्या होत्या. कोणी हसले नाही. आपल्या वळशाचा कोणाला उपद्रव होत असेल, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. मी ते वाक्य जसे बोलले गेले तसे, एकही शब्द न वगळता, उतरवले. शेजारणीने ते उलटून सांगितले आणि मुकादमांनी सही केली.

महिना संपायला तीन दिवस असताना ह्यांची तार आली, खोल्या मिळाल्याची. मागाहून पत्रात कळले, की बाईंनी पेजेवर दोन प्रश्न विचारले आणि तक्रारीची ओळ वाचून पत्र घडी करून ठेवले. “ज्या पत्रात तक्रार आहे ते खरे असते,” असे त्या म्हणाल्या.

निघेपर्यंत सहा आठवडे होते. तितके दिवस मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसत असे. बोलणे बहुधा मुकादमच करत. गिरणीतल्या साच्यांचे, गावच्या माडांचे, भावाशी झालेल्या भांडणाचे. मी ऐके. शेवटच्या दिवशी काकींनी मुलीच्या हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी दिली. ती आगबोटीवर नेता येणार नव्हती, पण मी नाही म्हटले नाही. मुलीने इंग्लंडच्या बंदरावर ह्यांना पाहिले तेव्हा ती प्रथम माझ्यामागे लपली, आणि मग थोड्या वेळाने तिने त्यांच्या कोटाची बाही दोन बोटांनी चाचपून पाहिली.

त्या बाईंच्या घरी पोहोचलो त्या संध्याकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावले, चुलीजवळची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “तुमच्या मालकांची तक्रार माझ्या लक्षात आहे. बसा.” मी बसले. आम्ही तिथे जवळजवळ दीड वर्ष राहिलो.

मुकादमांनी सांगितलेले मूळ दोन पानी मराठी टिपण माझ्या ट्रंकेत अद्याप आहे. हे लिहिताना ते समोर ठेवले होते. आता वाचून पाहते, तर त्यातली दोन वाक्ये इथेही मी गाळली आहेत. ती घालावीत म्हणून लेखणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. म्हणून वाचकांना विचारते: तुमच्याविषयी कोणी चांगले बोलले, तर ते स्वतःच्या हाताने जसेच्या तसे लिहून देणे तुम्हाला जमेल का?