दोन रेकॉर्डिंगमधला फरक

मुलीला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पक्ष्यांचे आणि किड्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे होते. कॉलेजचं चांगलं यंत्र दुसऱ्याच कुणाकडे अडकलं होतं. मॅडम म्हणाल्या, फोनवर करा, पण ॲप नीट निवडा. आमच्या नोएडातल्या सेक्टरच्या मागे नाल्याच्या कडेनं कीकरची, म्हणजे बाभळीची, झाडं आणि उंच गवताचा एक पट्टा आहे. पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते. शनिवारी सकाळी ती म्हणाली, "आई, तू पण चल ना. तिकडे एकटीला बोअर होतं. आणि तुला पक्षी ओळखता येतात."

येतातच. सातारच्या बाजूला वाढलेली मी, दिल्लीत मंत्रालयाच्या नोकरीत इतकी वर्षं काढूनही पक्ष्यांची मराठी नावं विसरले नव्हते. मी बूट घातले आणि निघाले.

पहिलं ॲप पक्षी ओळखणारं होतं. आवाज आला की पडद्यावर त्या पक्ष्याचं नाव उमटायचं आणि पिवळं व्हायचं. भारद्वाज घुमला, नाव पिवळं झालं. तित्तिर ओरडला, त्याचंही झालं. मला मजा वाटली. मग आणखी एक नाव पिवळं झालं, विझलं, पुन्हा झालं. लेकीनं फोटो दाखवला.

"हा तर वटवट्या," मी म्हटलं. "पण इथे कुठाय? तुझं ॲप फेकतंय."

"अगं, समोर बसून ओरडतोय की!"

गवताच्या एका काडीवर तो चिमुकला पक्षी बसला होता. शेपटी उभी. चोच उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. एक्सप्रेसवेवरच्या गाड्या ऐकू येत होत्या, मुलीचा श्वास ऐकू येत होता. त्याचा आवाज नाही.

"गाड्यांमुळे काही कळत नाही इथे," मी म्हणाले. तिलाही ते पटलं असावं. तिनं तिथेच आणखी दोन ॲपवर थोडं थोडं रेकॉर्ड करून घेतलं आणि आम्ही घरी आलो.

जेवणाच्या टेबलावर तिनं फोन ठेवला. नवरा चहा गाळत होता.

"हे फोनमधलं साधं रेकॉर्डर," ती म्हणाली. "हे माणसाच्या बोलण्यासाठी बनवलंय, त्याच्या वरचे बारीक आवाज शोर समजून पुसून टाकतं. ऐक." तिनं लावलं. "आणि हे दुसरं, हे काहीच पुसत नाही." तेही लावलं. "बघ, कितना फर्क आहे! पहिल्यात ते झिंगुर गायबच. मराठीत काय म्हणतात गं त्यांना?"

"रातकिडे," नवरा आतून म्हणाला. "खरंच की. दुसऱ्यात केवढा कल्ला आहे!"

मी म्हटलं, "परत लाव."

तिनं परत लावलं. मी फोन उचलून कानाशी धरला. दोन्हींत भारद्वाज होता, दोन्हींत लांबवर एक हॉर्न होता. बाकी काही नाही.

"मला दोन्ही सारखीच वाटतात."

"मजाक नको ना, आई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला, तेव्हा तिचा चेहरा बदलला. दुसऱ्या ॲपमध्ये आवाजाचं चित्र दिसायचं. खाली जाड, खर्जातले आवाज, वर बारीक, तीव्र. तिनं ते चित्र माझ्यासमोर धरलं. भारद्वाजाचे डाग खाली होते. वरच्या बाजूला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजळ पट्टा पसरला होता, जराही न तुटलेला. "हे सगळं झिंगुर आहेत," ती हळू म्हणाली. त्या पट्ट्यातलं मला काहीच ऐकू येत नव्हतं.

माझ्या आईला ऐकू येईनासं झालं होतं. ते आधी कुणालाच कळलं नाही, तिलाही नाही. शेवटी शेवटी ती घरात सगळ्यांच्या मध्ये बसून नुसती हसत राहायची. मला तेच डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मग एकेक आठवलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये 'सात' म्हणाले की 'हात', असा होणारा घोळ. नवीन साहेब पुटपुटतात अशी माझी तक्रार. टीव्हीच्या आवाजावरून घरात रोजची कटकट.

नवऱ्यानं करोल बागेतल्या एका कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, ती पुढच्या आठवड्यातली मिळाली. तोवर मी स्वतःला छळलं. बोटं कानाजवळ चोळून बघायची. मायक्रोवेव्ह वाजला का, हे लेकीला विचारायची. ऑफिसातून आले की तेच ॲप घेऊन बाल्कनीत उभी राहायची. चित्रात काही उमटलं की ऐकण्याचा प्रयत्न करायची. कधी वाटायचं, आलं ऐकू. लगेच वाटायचं, दिसलं म्हणून ऐकल्यासारखं झालं. नवरा म्हणाला, "पुरे कर ते. आजारी पडशील." मी फोन ठेवला आणि तो आत गेल्यावर पुन्हा उचलला.

तपासणी एका बंद खोलीत होती. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आवाजच येईना तेव्हा भीतीनं मी उगीचच दाबलं. तपासणारी मुलगी काचेपलीकडून म्हणाली, "आंटी, अंदाज से नहीं. आराम से."

डॉक्टरांनी आलेख दाखवला. दोन्ही कानांची रेघ सरळ जात होती आणि पुढे एकदम खाली उतरली होती. "वरचे सूर गेलेत," ते हिंदीत म्हणाले. "घरात कुणाला होतं?"

"आईला."

"मशीन लावा. आत्ता लावलंत तर सवय होईल."

"आणखी कमी होईल का?"

"सांगता येत नाही. बघत राहू."

यंत्रं लावली त्या दिवशी वर्तमानपत्राची घडी उलगडताना मी दचकले. स्वतःच्या चपला सहन होईनात. ऑफिसात साहेबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, आप इधर सामने बैठिए." मुलीनं प्रकल्पासाठी चित्राचं ॲप पक्कं केलं. रेकॉर्डिंग ऐकताना आता मला त्या पट्ट्यातलं काही ऐकू येतं, सगळं नाही. तिला 'किती येतं?' विचारावंसं वाटतं, हे मला दिसतं. ती विचारत नाही.

परवा पुन्हा तपासणी झाली. रेघ होती तिथेच होती. नवरा इतका खूश झाला की मला बाजारात छोले-भटुरे खायला घेऊन गेला. तिथे ताटांचा खणखणाट असा होता की मी दोन्ही यंत्रं काढून डबीत घातली आणि डबी पर्समध्ये टाकली. मग मेट्रोत बसल्यावर डबी आहे ना, म्हणून पर्स उघडून पाहिली. पुढच्या स्टेशनवर पुन्हा पाहिली. नवरा काहीतरी बोलत होता. मी त्याला हातानं थांबवलं, यंत्रं कानात घातली आणि म्हटलं, "हं, आता बोल."